साप सायकल पळती

माझ्या लेकीला, करुणाला, यंदा शाळेतून सायकल मिळाली. निळी, नवीकोरी, दांड्यावरचा प्लास्टिकचा कागदही न निघालेली. पहिल्या आठवड्यातच तिनं ती इतक्यांदा पुसली की माझी फडकी कामातून गेली. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन तिनं विचारलं, "आई, सायकल स्वच्छ ठेवली की जोरात पळते का गं?"

मी भाकरी थापत होते. हात तसाच राहिला. म्हटलं, "हे विचारायला तुझी आत्या पाहिजे होती."

"आत्या काय म्हणाली असती?"

"म्हणाली असती, साप सायकल पळती."

करुणा हसत हसत निघून गेली. भाकरीला मधेच चीर पडली होती, ती मोडून मी पुन्हा उंडा केला. करुणाला सायकलवरची आत्या नीटशी आठवत नाही. तिच्या पदराला दवाखान्याचा वास यायचा, एवढंच आठवतं म्हणते. मला मात्र त्या संध्याकाळी भाकऱ्या होईपर्यंत दुसरं काही आठवेना.

आक्का माझी नणंद. नाव कुसुम, पण घरात आक्का आणि आंदर मावळातल्या वाड्यावस्त्यांवर शिस्टरबाई. आमचं घर कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. तिथून ती रोज सायकलवर वरच्या अंगाच्या गावांना जायची. गरोदर बायका तपासायच्या, बाळांना लशी द्यायच्या, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघायचं. एसटी दिवसातून मोजून यायची, आणि आली तरी आक्काला हव्या त्या घरापाशी थोडीच थांबणार होती!

दिलीप, म्हणजे माझा नवरा, तिच्याहून खूप लहान. मधली भावंडं जगली नाहीत. आक्काचं एकदा लग्न झालं होतं, पण वर्ष-दीड वर्षात ती माहेरी परत आली. का, ते घरात कुणी बोलत नसे. परत आल्यावर तिनं नर्सिंगचा कोर्स केला, नोकरी धरली, आईवडील गेल्यावर भावाला आयटीआयपर्यंत शिकवलं. तो तळेगावच्या एका कारखान्यात चिकटला तेव्हा त्याच्यासाठी मुलगी बघायलाही तीच आली, आमच्या घोरावाडीच्या घरी. बघण्याच्या कार्यक्रमात तिनं मला एकच प्रश्न विचारला.

"सायकल येती का?"

"नाही."

"बरं," म्हणाली आणि पोह्यांची बशी हातात घेतली. मला वाटलं, नापास झाले.

लग्नानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. अंधार पडत आला होता आणि मागच्या मोरीकडून पाणी पडल्याचा आवाज येत होता. तेवढ्यात आक्काची हाक आली, "सुजाता, जरा बॅटरी आण गं. मागलं चाक साप हाय का बघू दे."

मी बॅटरी उचलली, पण पुढचं 'साप हाय का बघू दे' एवढंच ऐकू आलं. मी बॅटरी तिथंच टाकली आणि "अहो, साप!" म्हणून ओरडत पुढच्या दारानं थेट रस्त्यावर. दिलीप काठी घेऊन मोरीकडं धावला. पाठोपाठ शेजारचे दोघं-तिघं. आक्का सायकलसमोर उकिडवी बसलेली, हातात ओलं फडकं, सगळ्यांकडं बघत म्हणाली, "काय झालं? कोण मेलं?"

"साप कुठंय?"

"कसला साप? सायकल साप करतीय मी!"

साफ. माहेरी आमच्याकडं साफ म्हणायचे. तेव्हा आक्का अजिबात हसली नाही, उलट बॅटरी फुटली म्हणून मला बोलली. पण जेवताना, घास तोंडात असताना तिला एकदम आठवलं आणि ती इतकी हसली की ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, दिलीपला तिची पाठ थोपटावी लागली. त्या दिवसापासून मी तिची सुजा झाले.

आक्का उंच, सडसडीत, काळीसावळी. निऱ्या चेनमध्ये जाऊ नयेत म्हणून ती त्यांना कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावायची, आणि कामाच्या नादात तो तसाच राहायचा. बाजारात, विहारात, मीटिंगला, सगळीकडं आक्काच्या निऱ्यांना चिमटा. कुणाच्याही दारात पोचली की आधी घंटी वाजवायची, मग उतरायची. मी म्हटलं, घरातली माणसं समोर दिसतायत तरी घंटी कशाला? म्हणाली, "बाई मानूस आत कसं आसंल काय सांगावं. तिला पदर सावरायला टाईम नको?" बाळ झालं की म्हणायची, "पावनं आलं." वाईट काही झालं तर म्हणायची, "गेलं." त्याहून जास्त काही बोलायची नाही.

आणि सायकल. हिरवी, लेडीज, जुनी. पण तिच्याकडं बघून ती जुनी आहे हे कुणाला कळलं नसतं. कामावरून आली की हातपाय धुवायच्या आधी आक्का सायकल मोरीवर घ्यायची. आधी घंटी पुसायची, मग हँडल, मग दांडे. तारांमधून जुन्या साडीची पट्टी ओवून पुढं-मागं ओढायची. चेनला दात घासायचा जुना ब्रश आणि झाकणभर रॉकेल. मी घरी शिवणकाम करायचे, माझ्या मशीनच्या तेलाची कुपी अर्धी तिच्या चेनलाच जायची. सगळ्यात शेवटी कॅरियर, जिथं लशीचा डबा बांधायची तो. सगळं झालं की पेडल हातानं फिरवून मागचं चाक सोडून द्यायची, आणि ते आपोआप थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत बसायची.

"येवडं कशाला गं रोज?" शेजारणी विचारायच्या.

"साप सायकल पळती," आक्काचं उत्तर ठरलेलं.

दिलीपला हे पटायचं नाही. तो फिटर, दिवसभर मशीनं खोलणारा माणूस. म्हणायचा, "आक्का, चेन साफ ठेव, बेरिंगला तेल दे, ते बरोबर. पण घंटी पुसून स्पीड वाढतो होय? मडगार्डवरच्या चिखलाचं वजन ते किती!"

"तुला काय कळतंय, तू बसनं जातोस."

एकदा हा वाद इतका पेटला की दिलीपनं परीक्षा घ्यायचं ठरवलं. आमच्या घराजवळ पुलाकडं जाणारा लांबलचक उतार आहे. आक्का दिवसभर फिरून आली ती सायकल तशीच चिखलानं भरलेली घेतली. उताराच्या माथ्यावरून आक्कानं पाय वर घेऊन सोडायची, पेडल मारायचं नाही, आणि जिथं आपोआप थांबेल तिथं दगड ठेवायचा. मग सायकल धुवायची आणि पुन्हा तसंच. ही बातमी गावात पसरली. पुलाच्या कठड्यावर माणसं येऊन बसली.

पहिल्यांदा आक्का खाली गेली, पदर उडत होता, निऱ्यांना चिमटा, चेहरा असा गंभीर की जणू कुणाच्या बाळंतपणाला निघालीय. दिलीपनं दगड ठेवला. मग घरी येऊन तिनं सायकल धुतली, नेहमीपेक्षाही मन लावून, माझ्या कुपीतलं उरलंसुरलं तेल संपवून. पुन्हा माथ्यावर. पुन्हा खाली. चकचकीत सायकल दगडाच्या दोन हात अलीकडंच थांबली.

कठड्यावरची माणसं हसली. दिलीपला हसू आवरत नव्हतं. आक्का सायकलवरून उतरली, दगडाकडं बघितलं, सायकलकडं बघितलं.

"उतारावर काय," ती म्हणाली, "उतारावर समदंच पळतंय. चढावर बघ."

मग दिलीपनं ईर्ष्येनं चढावरही करून बघितलं, स्वतः चालवून. चिखलाच्या सायकलवर एकदा, धुतलेल्या सायकलवर एकदा. दुसऱ्यांदा वर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. म्हणाला, "आता जास्त जड गेली." आक्का म्हणाली, "तू दमलायस, सायकल न्हाई." वाद तिथंच राहिला. पुढं कितीतरी दिवस गावातली माणसं आक्काला वाटेत थांबवून विचारायची, "शिस्टरबाई, उतारावर का चढावर?"

मला दिवसभर घरात मशीनवर बसून आक्काची वाट बघायची सवय लागली. आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. मोरीवरचं पाणी रोज सारखंच वाजत नसे. कधी ते पटकन थांबायचं, आणि आक्का आत येऊन म्हणायची, "पावनं आलं सावळा गावाला. पोरगी हाय, लय गोरी." कधी पाणी वाजतच राहायचं. तारा पुसून झालेल्या असायच्या, तरी साडीची पट्टी पुन्हा ओवली जायची. अशा दिवशी मी काही न विचारता चहा टाकायचे आणि कप घेऊन मोरीच्या कट्ट्यावर बसायचे. कधी ती बोलायची, कधी नाही. एकदा म्हणाली, "सातव्या महिन्यात गेलं. दुसरं हे तिचं. मी कितींदा सांगितलं, पोरी, तू पाण्याला जाऊ नगो." मग फडकं पिळलं आणि म्हणाली, "तसंच कसं घरात येऊ गं."

त्यानंतर मी स्वयंपाक करताना पाण्याकडं कान लावून असायचे. नळ लवकर बंद झाला की मला बरं वाटायचं.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. आक्कानं मला जपलं म्हणजे किती जपलं. स्वतः वजन घ्यायची, पायांची सूज बघायची, रात्री माझ्या उशाला पाण्याचा तांब्या ठेवायची. दिलीपला तर खोलीतून हाकलूनच दिला होता. मला शिवणाचं मशीन चालवायला बंदी.

भातलावणी उरकून गेली होती, पाऊस लागून राहिला होता. आक्का वरच्या गावात लसीकरणाला गेलेली. दुपारी माझ्या पोटात कळ आली, आणि मग अंगावरून जायला लागलं. सातवा सरून आठवा लागला होता. शेजारच्या वहिनींनी आधी आक्काला फोन लावला, मग जीपवाल्याला. जीप वडगावला गेली होती. तो म्हणाला, निघतोच.

जीपच्या आधी आक्का आली. एवढ्या लांबून, तसल्या रस्त्यानं, इतक्या लवकर ती कशी आली ते आजही मला सांगता येणार नाही. मी ओट्यावर पडले होते, तिथून फाटक दिसत होतं. तिनं घंटी वाजवली नाही. फाटकात सायकल सोडूनच दिली, ती चिखलात आडवी पडली, चाक फिरत राहिलं. आक्का कमरेपर्यंत लाल चिखलात होती, केसांतही चिखल. पडलीही असणार वाटेत, कोपर सोललं होतं. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मी हाय."

जीपमध्ये सारा रस्ता माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. मुलगा होता. रडला नाही.

घरी आल्यावर आठ-दहा दिवस मी भिंतीकडं तोंड करून पडून होते. उठून पहिल्यांदा मागच्या दारात आले तेव्हा सायकल दिसली. दिलीपनं ती उचलून भिंतीला टेकवून ठेवली होती, पण हात कुणीच लावला नव्हता. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. चेन तांबडी झाली होती.

"आक्का कामाला कशी जाते?" मी दिलीपला विचारलं.

"मिळंल त्या गाडीनं. गुडघा दुखतो म्हणते."

मोरीवर पाणी वाजत नव्हतं. संध्याकाळी आक्का यायची, हातपाय धुवायची, आत येऊन माझ्यासाठी पेज करायची. घरात सगळं होतं तसं चाललं होतं, आणि तरी घर बंद पडल्यासारखं वाटायचं.

असेच काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी, ती यायच्या सुमाराला, मी बादली भरली. सायकल ओढत मोरीवर घेतली. अंगात ताकद नव्हती, तिला स्टँडवर चढवताना घाम फुटला. वाळलेला चिखल बोटांनी काढायला लागले. आक्का केव्हा आली कळलं नाही. दारात उभी राहून बघत होती.

"आदी घंटी," ती म्हणाली.

मी घंटी पुसली. ती येऊन माझ्याशेजारी बसली, पर्स तशीच खांद्याला. साडीच्या पट्टीचं एक टोक तिनं धरलं, एक मी. एकेक तार आम्ही पुसत होतो. मागच्या चाकापाशी आलो तेव्हा तिचा हात थांबला.

"लय जोरात आलते गं, सुजा," ती म्हणाली. "जल्मात कदी येवडी जोरात आलते न्हाई."

"मला माहितीये, आक्का."

मग ती रडली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून, लहान पोरासारखी. मी तोवर रडले नव्हते, तेव्हा रडले. दिलीप आत होता. तो बाहेर आला नाही, त्यानं फक्त दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी आक्का सायकलवर कामाला गेली.

करुणा झाली ती त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, नीट, वेळेवर, भल्या मोठ्यानं रडत. आक्का दवाखान्याच्या व्हरांड्यात दिसेल त्याला सांगत सुटली, "पावनं आलं आमच्यात!" साफसफाई करणाऱ्या बाईलाही पेढा, वॉचमनलाही पेढा.

त्याच काळात पुण्याची माणसं रविवारी आमच्या रस्त्यानं सायकली घेऊन यायला लागली. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. गावाला आधी गंमत वाटायची, मग सवय झाली. त्यातली एक बाई पाणी मागायला थांबली, तेव्हा आक्का नेमकी मोरीवर साबणाचा फेस करून बसली होती. बाई मोकळ्या स्वभावाची होती. बघून म्हणाली, "मावशी, साबणाचं पाणी असं धो-धो नका ओतू. आतलं ग्रीस निघून जातं, बेरिंग खराब होतात. ओल्या फडक्यानं पुसा नुसतं, आणि चेन कोरडी करून मगच तेल."

"व्हय का?" आक्का म्हणाली. "मग बाकीचं साप केल्यानं पळती का न्हाई वो जोरात?"

बाईनं जरा विचार केला. "चेन साफ असली तर फरक पडतो, मावशी. बाकीचं म्हणाल तर... नाही. तसा काही नाही."

दिलीप तिथंच उभा होता. मला वाटलं, आता हा जिंकल्याचं बोलून दाखवणार. पण तो बाईसाठी पाणी आणायला आत गेला. आक्कानं बाईला ताक दिलं, तिची सायकल उचलून बघितली, "कापसागत हाय गं" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून साबण बंद झाला. ओलं फडकं आलं, चेन कोरडी करून तेल. बाकी सगळं तसंच, घंटीपासून कॅरियरपर्यंत, रोज. मी का म्हणून विचारलं नाही.

आक्का रिटायर झाली तेव्हा करुणा बालवाडीत जायला लागली होती. मला वाटलं, आता ही घरी बसेल, नातीगत भाचीला खेळवेल, आम्ही दोघी दुपारी निवांत चहा पिऊ. माझे बेत ठरले होते. पण महिनाभरात तिच्या फोनचा एक नेम माझ्या लक्षात आला. रविवारी जेवणं झाली की फोन यायचा, आणि आक्का तो घेऊन मागं मोरीकडं जायची.

एक दिवस सायकल पुसता पुसता ती म्हणाली, "सुजा, मी लगीन करतीय."

"कुणाशी?" मी कट्ट्यावरून उठत विचारलं.

रोकडेभाऊ म्हणून एक रेल्वेतले रिटायर गृहस्थ होते, खंडाळ्याला राहायचे. त्यांची बायको आंदर मावळातली. शेवटच्या आजारपणात तिला माहेरी आणलं होतं आणि आक्का दोन वर्षं तिच्या जखमा धुवायला जायची. ती बाई गेली, मूलबाळ नव्हतं. रोकडेभाऊ आभार मानायला म्हणून एकदा फोन करते झाले आणि मग करतच राहिले.

"काय बोलता इतकं?" मी विचारलं.

"काय न्हाई गं. त्ये इचारतात, जेवलीस का. मी म्हणते, जेवले." फडकं तिनं घडी करून ठेवलं. "मला कुनी इचारलंच नव्हतं कदी."

मी तिची जेवणं वाढत होते एवढी वर्षं. तिला तसं म्हणायचं नव्हतं, आणि मलाही ते कळलं.

दिलीपला कळलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं त्यानं. लोक काय म्हणतील, या वयात, खंडाळ्यातल्या थंडीत तुझ्या गुडघ्यांचं काय होईल. शेवटी म्हणाला, "तू माझी आई आहेस. आईचं लग्न लावतं का कुणी?"

आक्का त्याच्याजवळ गेली. केस पिकायला लागलेला एवढा मोठा माणूस, त्याच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला.

"आई न्हाई मी तुजी, दिल्या. भन हाय. आन भन सासरी जाती."

लोणावळ्याच्या विहारात लग्न झालं. दिलीप आला नाही. मी करुणाला घेऊन गेले. पांढरी साडी नेसून आक्का खोलीतून बाहेर आली आणि पहिल्या रांगेतल्या बायका खुसखुसल्या. निऱ्यांना चिमटा होता. मी उठून तो काढला. तिनं माझा हात दाबून धरला, हात गार पडला होता तिचा. रोकडेभाऊ बुटके, गोल चेहऱ्याचे, टोपी सारखी सारखी काढून पुन्हा घालत होते. वंदना म्हणताना दोघांचे आवाज वेगवेगळ्या पट्टीत लागले आणि ते एकमेकांकडं बघून थांबले, मग पुन्हा सुरू झाले.

सायकल तिनं नेली नाही. म्हणाली, तिकडं निस्ता चढ-उतार, आता व्हायचं न्हाई. ती मोरीजवळ स्टँडवर राहिली. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागायचे आणि कान मागं जायचा. नळ बंद असायचा. मी उगाच जाऊन तो थोडा सोडायचे, हात धुवायचे, बंद करायचे. घरात काही कमी नव्हतं. करुणा होती, शिवणकाम होतं, दिलीप वेळेवर यायचा. पण दिवसभरात काय काय झालं ते सांगायला माणूस नव्हतं, आणि फोनवर सांगायला गेलं की ती विचारायची, "जेवलीस का?" आणि मला पुढचं बोलताच यायचं नाही.

दिलीप तिच्याशी बोलत नव्हता. सायकलकडं बघायचासुद्धा नाही. दिवाळी गेली, थंडी पडली. मग एका रविवारी मी उठले तर तो नाही आणि सायकलही नाही. दुपार टळून गेली. संध्याकाळच्या लोकलनं तो कान्ह्याला उतरून चालत घरी आला. चेहरा उन्हानं लाल झालेला.

"कुठं गेला होतात?"

"खंडाळ्याला."

"सायकलवर? एवढा चढ? काय म्हणाली आक्का?"

तो बूट काढत होता. खाली मान घालूनच म्हणाला, "दारात बघितलं मला. सायकलकडं बघितलं. म्हणाली, बादली आन."

"मग?"

"मग काय. धुतली दोघांनी. ठेवून आलो तिथंच."

आणि तो मोरीवर गेला. बराच वेळ तोंड धूत राहिला.

त्यानंतर आमचं जाणं-येणं सुरू झालं. आक्काचं घर छोटं, रेल्वेलाईनच्या वरच्या अंगाला, अंगणातून गाड्या दिसायच्या. रोकडेभाऊ तिला कुठली गाडी कुठं चालली ते सांगायचे. ते नळावर पाणी भरायचे, ती भाजी निवडायची. भांडायचेसुद्धा, मीठ जास्त पडलं म्हणून. आक्का जाड झाली होती. तिच्या अंगावर मांस बघायची मला सवय नव्हती.

तिथं तिला चार वर्षंही मिळाली नाहीत. एका दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. रोकडेभाऊंनी फोन केला, आणि त्यांना एकच शब्द बोलता आला. "गेली."

त्याच्या महिनाभर आधी मी एकटीच तिला भेटायला गेले होते. निघताना दोघं मला रिक्षानं लोणावळा स्टेशनपर्यंत सोडायला आली. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. आक्का करुणाच्या दातांचं विचारत होती, दिलीपच्या खोकल्याचं विचारत होती. गाडी लागली, मी चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. आक्का खिडकीशी आली, गजांतून हात घालून माझा पदर नीट केला, म्हणाली, "फुडच्या खेपंला मुक्कामाला ये. डाळिंब्या करीन." मी हो म्हटलं.

तेवढ्यात रोकडेभाऊ भाजलेल्या शेंगांची पुडी घेऊन आले. आक्का वळली, बाकावर जाऊन बसली, त्यांना शेजारी बसवलं. शेंगा फोडून दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारून साली उडवल्या आणि आधी त्यांच्यापुढं धरले. ते काहीतरी बोलले. तिला हसू आलं, इतकं की दाणे हातातून सांडले आणि दोघं वाकून ते शोधायला लागली.

गाडी सुटली. मी हात हलवला. ती वाकलेलीच होती. प्लॅटफॉर्म सरेपर्यंत मी खिडकीतून बघत राहिले, तिनं वर बघितलं नाही.